पंधरावा फर्मा

१२ जानेवारी

तपासनीस क्रमांक सात यांस,

नमस्कार. तुमचं नाव मला माहीत नाही. 'धुकेकोट, ग्रंथ पहिला' या पुस्तकाच्या माझ्या प्रतीत शेवटच्या पानावर बोटभर चिठ्ठी चिकटवलेली आहे, 'प्रत तपासली, क्र. ७', आणि खाली तुमच्या बांधणी कारखान्याचा पत्ता. तर क्रमांक सात भाऊ, ही प्रत तुम्ही कुठे बघून तपासलीत? छताकडे?

पानं २०९ ते २२४ माझ्याकडे दोनदा आहेत. २२५ ते २४० एकदाही नाहीत.

मी एकटा असतो तर जाऊ दे म्हटलं असतं. पण मी हे पुस्तक सलूनमध्ये मोठ्यानं वाचतो. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा सलूनवाला, समोरचा शिंपी, चित्रकलेचे निवृत्त मास्तर आणि निवृत्त मी, असे चौघं बसतो. सलूनवाल्याचा नियम आहे, जो घरी चोरून पुढचं वाचेल आणि इथे फोडेल, त्याची अर्धीच दाढी करून रस्त्यावर सोडायचं. एवढी कडक शिस्त पाळून आम्ही पान २२४ पर्यंत आलो. धुकं कोटाच्या भिंतीला लागलंय. ज्याला ते शिवेल तो स्वतःचं नाव विसरतो आणि चालत निघून जातो. बाहेर अजून माणसं आहेत. त्यांना आणायला दारवानाची मुलगी घंटा घेऊन गेलीय. म्हातारा दारवान वर उचललेल्या जड दाराची साखळी दोन्ही हातांनी धरून उभा, सोडली की दार खाली. मी श्वास घेतला, पान उलटलं, आणि ती मुलगी पुन्हा सकाळचं दूध तापवतेय!

ते दूध आम्ही दोनदा तापवलं, भाऊ.

आणि पान २४१ वर एकदम दुसरा दिवस. दार बंद. मुलगी नाही. दारवान पायरीवर बसलाय, तोंडातून शब्द नाही. लोक कोतवालाच्या दारावर थुंकताहेत. आता साखळी कुणी सोडली? सलूनवाला म्हणतो, म्हाताऱ्यानंच. मी म्हणतो, कोतवालानं तोडली. पुढे सगळा कोट तेच बोलतो. या वादापायी परवा शिंप्याच्या एका गालाला साबण तसाच वाळला.

ती सोळा पानं पाठवा.

आपला,
दारात अडकलेला वाचक

२० जानेवारी

वाचककाका,

तुम्ही अक्षरावरून मोठे वाटता म्हणून काका म्हणते. मी भाऊ नाही, बाई आहे. अकरा वर्षं तपासणीवर आहे.

चूक माझी आहे. आमच्याकडे सोळा पानांच्या घडीला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, आधीच्यापेक्षा जराशी खाली. सगळे फर्मे एकावर एक लागले की पाठीवर उतरता जिना दिसतो. एखादी पायरी गळली किंवा दोनदा आली तर लगेच डोळ्यात भरते. तुमच्या प्रतीत चौदावी पायरी दोनदा आहे आणि पंधरावी नाही. मला दिसायला हवं होतं.

पंधरावा फर्मा सध्या संपला आहे. पुन्हा छापून आला की पाठवीन. तोवर मालकांना कळवू नका, ही विनंती.

पुस्तक मीही वाचलं आहे. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली. वाचायची गोडी लागली ती इथल्या खराब फर्म्यांवर, त्यामुळे कितीतरी पुस्तकांचं मला फक्त मधलंच माहीत आहे. हे मात्र पहिल्यापासून वाचलं. कोटातली माणसं तळहातावर स्वतःचं नाव गोंदवून घेतात, आणि ती मुलगी धुक्यात एकेकाची मूठ उघडून त्याला त्याचं नाव वाचून दाखवते, ते पान मी तीनदा वाचलं. सलूनमध्ये ते वाचताना कुणी काही बोललं का?

क्र. ७

२७ जानेवारी

ताई,

बोललं ना. सलूनवाल्यानं स्वतःचा तळहात बघितला आणि म्हणाला, 'माझं नाव इथे लिहायचं तर आधी वस्तऱ्याचे घट्टे काढावे लागतील.' मास्तरांनी चष्मा पुसला. पाच मिनिटं पुसत होते.

पण तुमचं उत्तर मला पटलेलं नाही. आमच्या गावात पुस्तकांचं एकच दुकान आहे. तिथे दुसरी प्रत होती. शिंप्यानं ती उघडून बघितली. तीही तशीच! तिच्यावरही चिठ्ठी क्रमांक सातची. म्हणजे ही एका प्रतीची डुलकी नाही. आणि फर्मा संपला म्हणता, तर दुकानात नव्या प्रती कशाच्या जोरावर येताहेत?

आणखी एक. पहिल्या दोनशे चोवीस पानांत छपाईची एक चूक नाही. मास्तर मुद्दाम शोधत होते, त्यांना एकही सापडली नाही. पान २४१ पासून मात्र चुकाच चुका. वाक्यं अर्धी, शब्द उलटे. तुमचा मुद्रितशोधक मध्येच पाय पसरून झोपला की काय? शिंपी म्हणतो, एक बाही एका माणसानं शिवावी आणि दुसरी त्याच्या सासऱ्यानं, तसं दिसतंय.

आम्ही पुढे वाचणं थांबवलंय. बाकीच्यांना गंमत वाटते. मला वाटत नाही. साखळी कुणी सोडली हे मला कळायला हवं. तुम्ही पुस्तक वाचलंय म्हणता, मग नुसतं लिहून कळवायला काय हरकत आहे? नाहीतर मला मालकांना लिहावंच लागेल.

आपला,
वाचककाका (हे आवडलं)

६ फेब्रुवारी

काका,

तो झोपला नव्हता. या पुस्तकाचे मुद्रितशोधक माझे यजमान होते. गेल्या जुलैत दुपारी तीन वाजता, छापखान्यातल्या त्यांच्या टेबलावर, याच पुस्तकाचं पान २३१ तपासताना ते गेले. शेजारच्या टेबलावरच्याला वाटलं, वाकून बारीक अक्षर बघताहेत. चहा आला तेव्हा कळलं. पुढची पानं घाईत तशीच छापली गेली. म्हणून चुका.

शिंपीदादांना सांगा, बाही एकाच माणसानं शिवायला घेतली होती.

साखळी कोतवालानं तोडली. सगळा कोट म्हणतो तेच खरं आहे. तुम्ही जिंकलात. आता मालकांना लिहू नका.

क्र. ७

१९ फेब्रुवारी

ताई,

माझी जीभ झडो. शिंप्याचीही. तुमचं पत्र मी सलूनमध्ये वाचून दाखवलं नाही, नुसतं सांगितलं. सलूनवाल्यानं आरशावर कापड टाकलं आणि त्या दुपारी दुकान बंद ठेवलं.

साखळीवरून सलूनवाल्याशी लावलेली पैज मी जिंकलो. आता महिनाभर माझी दाढी तो फुकट करणार आणि करताना 'कोतवाल जिंदाबाद' म्हणणार. मला आनंद व्हायला हवा होता. तुमचं पत्र घेऊन चार दिवस हिंडलो आणि पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, मला हरायचं होतं.

हे मी दुसऱ्या कुणाला लिहिलेलं नाही. तुमचा चेहरा मला माहीत नाही, म्हणून लिहितो.

मी पाण्याच्या बोगद्यावर कामाला होतो. खोदकाम चालू असताना आत पाणी फुटलं तर अडवायला मध्ये एक लोखंडी दार असतं. त्याचं चाक माझ्या ताब्यात. एकोणीस वर्षांपूर्वी आत पाणी फुटलं. दाराच्या पलीकडे तिघं होते. अलीकडे, खालच्या अंगाला, एकतीस. वर साहेबांना विचारायचं तर फोन मुका. मी चाक फिरवलं. त्या तिघांत माझा थोरला भाऊ होता. त्यानंच मला त्या कामावर लावलं होतं.

चौकशीत मी सांगितलं की फोन आला, साहेबांनी हुकूम दिला. फोनची तार नंतर वाहूनच गेली होती, कोण तपासणार? साहेब म्हणाले, मी हुकूम दिला नाही. कुणी विश्वास ठेवला नाही, मोठ्या माणसानं हात झटकायचेच. त्यांची नोकरी गेली. तीन वर्षांपूर्वी ते वारले.

आतून काही आवाज आला नाही. ते लगेच झालं असणार.

माझी वहिनी माझ्या शेजारच्या खोलीत राहते. एकोणीस वर्षं मी तिच्या हातचं दोन वेळ जेवतोय. साहेब वारल्याचं कळलं त्या दिवशी ती म्हणाली, 'सुटला मेला,' आणि मला एक भाकरी जास्त वाढली. ती मी खाल्ली.

पुस्तकात दारवान साखळी धरून उभा राहिला तेव्हा मला वाटलं, आता निदान माझी गोष्ट छापलेली मिळेल. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं. म्हणून तुमच्या मागे लागलो. तोंडानं मात्र कोतवाल, कोतवाल करत होतो. सवयच लागलीय.

दोन प्रश्न आहेत. ती पानं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचलीत ना? आणि दुसरा. तुम्हीही नवरा गमावलाय. त्याच्याबद्दल एवढी मोठी गोष्ट कुणी तुमच्यापासून लपवली असती, तर तुम्हाला कळायला हवी होती का? तुम्ही सांगाल तसं करीन.

वाचककाका

२ मार्च

काका,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. मी ती पानं वाचली नव्हती. मी खोटं सांगितलं. पुढची पानं वाचून तुम्ही जे समजलात तेच मी समजले होते.

यजमान गेले त्या दिवशी छापखान्यातून एक पाकीट घरी आलं. चष्मा, लाल पेन्सिल आणि टेबलावरची प्रुफं. चष्मा मी काढून घेतला, पाकिटाचं तोंड परत बंद केलं. पुढे हे पुस्तक आमच्याकडे बांधणीला आलं तेव्हा मी सगळं वाचलं, पण २२४ वरून थेट २४१ वर गेले. आणि तपासताना जिन्याच्या चौदाव्या पायरीवरून नजर सोळाव्यावर टाकायचे. तिथे बघवायचं नाही. फर्मा संपला नव्हता. त्याचा गठ्ठा माझ्या पाठीमागेच होता.

तुमचं पत्र आल्यावर रविवारी सकाळी मी पाकीट उघडलं. पान २३१ वर असं आहे :

'बुरुजावरून कोतवाल ओरडला, पण धुके शब्द गिळते. खाली काहीच पोचले नाही. दारवानाने वर पाहिले, मग बाहेर. मुलगी वीस पावलांवर होती, तिच्यामागे धुके, आणि धुक्यामागे कुणीही नाही. हुकूम आला नाही. त्याने साखळी सोडली.'

पानभर नंतर, बंद दाराबाहेर घंटा वाजत राहते. ती कुणाला बोलावतेय ते लिहिलेलं नाही.

म्हणजे काका, सगळा कोट चुकीचं समजलाय आणि तो मुका बसून राहिलाय. हे फक्त त्या सोळा पानांत आहे. ज्यांच्या प्रतीत ती नाहीत, त्यांना कधीच कळायचं नाही.

'त्याने साखळी सोडली' याच्यासमोर समासात यजमानांनी लेखकाला प्रश्न लिहिलाय. ही त्यांची रीत होती, हस्तलिखित आधी पूर्ण वाचून मगच ते प्रुफांना बसत. अक्षर थोडं खाली घसरलंय : 'पुढे सगळे कोतवालाचे नाव घेतात. हा खरे कधी सांगणार?' त्याखाली काही नाही. लेखकापर्यंत तो प्रश्न पोचलाच नाही.

सोमवारी मी फोरमनला जाऊन सांगितलं. कोठीत अशा अडतीस प्रती निघाल्या, दुकानांत गेलेल्या वेगळ्या. मला तपासणीवरून काढून खळीच्या टेबलावर बसवलंय. तक्रार नाही. सोबत तुमचा पंधरावा फर्मा पाठवते, सुटा आहे, जपून उघडा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पाकीट सात महिने बंद ठेवणारी बाई मी, मी काय सांगणार? तरी विचारलंत म्हणून सांगते. हो. मला कळायला हवं असतं. पण कळल्यावर त्या माणसाला मी माफ केलं असतं, असं लिहून देणार नाही. तेवढं धरून चला.

क्र. ७ (आता नाही, पण सवय)

११ मे

बाई,

तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही ज्यांना काका म्हणता त्यांची मी वहिनी. पत्ता पाकिटावरून घेतला.

मार्चातल्या एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर भाऊजी म्हणाले, 'वहिनी, जरा बसा, काही वाचतो.' मी डाळ निवडत बसले. सुटी पानं होती, त्यांच्या हातातून सारखी निसटत होती. मला आधीचं काही माहीत नव्हतं, कोण दारवान आणि कसलं धुकं. मी म्हटलं, म्हातारपणी हे काय नवीन खूळ. वाचून झालं. मग त्यांनी पानांची घडी केली आणि सांगितलं.

मी एकच विचारलं. 'आतून आवाज आला का?'

'आला.'

'किती वेळ?'

'चाळीस मिनिटं,' म्हणाले. लोखंडावर हातोडी. आधी तिघांची, मग दोघांची, शेवटी एकाची. ती ह्यांची होती हे त्यांना कळलं म्हणे, कारण काम करताना हे तीन ठोके मारून थांबत. खरं आहे. घरी खिळा ठोकतानाही हे तसंच करायचे.

हे त्यांनी तुम्हालाही सांगितलं नसेल.

एकतीस माणसं वाचली, हे मला समजतं. मी खुळी नाही. दुसरं काही करता आलं नसतं, हेही समजतं. पण एकोणीस वर्षं मी भलत्या माणसाला शिव्या घातल्या. साहेबांची बायको दोनदा माझ्या दाराशी आली होती. दोन्ही वेळा मी आतून कडी लावली. गेल्या महिन्यात पत्ता काढून तिच्याकडे गेले. तिनं दार उघडलं, हसली, बसा म्हणाली. तिला आता काही आठवत नाही. साहेब कोण तेही नाही. सुनेनं चहा दिला. मी चहा पिऊन परत आले.

भाऊजींशी मी बोलत नाही. आज पन्नास दिवस झाले. दोन वेळचं ताट पायरीवर ठेवते. ते पायरीवरच बसलेले असतात. सलूनवाला येऊन बघून गेला. त्यांची दाढी वाढलीय, करू देत नाहीत.

तुम्ही त्यांना सांगा म्हणालात. मी तुमचे आभार मानत नाही. पण तुमच्यावर राग आहे असंही नाही, मला ठरवता येत नाही.

एक काम करा. ते पुस्तक मला पहिल्यापासून पाठवा. त्यांच्या प्रतीला मी हात लावणार नाही. ती मुलगी बाहेर घंटा वाजवत होती, तिचं पुढे काय झालं ते मला स्वतः वाचायचं आहे.

वहिनी

२० मे

वहिनी,

पुस्तक सोबत आहे. मी आता तपासणीवर नाही, तरी ही प्रत मी घरी आणून एकेक पान उलटून पाहिली. पाठीवरचा जिना पुठ्ठा चढवण्याआधी स्वतः मोजला. सगळ्या पायऱ्या आहेत.

आधीच सांगते, म्हणजे शोधत बसायला नको. मुलीचं पुढे काय झालं ते या ग्रंथात नाही. शेवटच्या पानापर्यंत घंटा मधूनमधून ऐकू येते, एवढंच. दुसरा ग्रंथ कधी निघेल ते कारखान्यात कुणालाच माहीत नाही.

चाळीस मिनिटांचं मला त्यांनी सांगितलं नव्हतं. मला त्यांनी लिहिलं होतं, आवाज आला नाही. ते वाचून मला बरं वाटलं होतं. माझ्याही माणसाला काही कळलं नसेल, असं मी त्यावरून धरून चालले होते. दोन्ही गोष्टींचा काही संबंध नाही, पण मी धरलं होतं. आता ते धरता येत नाही. समासातलं घसरलेलं अक्षर रोज बघते. प्रश्न पुरा लिहायला त्यांना बराच वेळ लागलेला असणार.

पान २३१ पर्यंत या पुस्तकात छपाईची चूक नाही. ते त्यांचं काम. पुढच्या चुका मी त्यांच्या लाल पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आहेत. खुणा कशा करतात ते त्यांनीच कधीतरी दाखवलं होतं, पाच रात्री लागल्या. काही सुटल्या असतील. समासातला त्यांचा प्रश्न मी पान २३१ वर जसाच्या तसा उतरवला आहे. त्याला उत्तर लिहिलेलं नाही. तुमच्या घरी त्याचं उत्तर देऊन झालंय, आणि ते देणारा पायरीवर बसलाय.

त्यांना आत घ्या असं मी म्हणणार नाही. तो अधिकार मला नाही. त्यांनी विचारलं तेव्हाही मी माफीचं लिहून दिलं नव्हतं.

पुस्तक जाड आहे आणि अक्षर बारीक, म्हणून एक सांगते. ते मनात वाचण्यापेक्षा मोठ्यानं वाचलं तर सोपं जातं. मोठ्यानं वाचलंत तर पायरीपर्यंत ऐकू जाईल. दार लावून घेऊन वाचलंत तरी ती चूक नाही.

क्रमांक सात